रंगमंचावरचा शब्द आणि न्यायालयातला शब्द : विनोदकार, अश्लीलतेचा कायदा आणि अभिव्यक्तीच्या मर्यादा

अश्लीलतेच्या खटल्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा पुस्तकांच्या अंगाने सांगितला जातो. उर्दूच्या वर्गात हा विषय निघाला की सआदत हसन मंटो आणि इस्मत चुगताई यांची नावे येतात. मराठीत रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावरील खटल्यांचा आणि चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेवरील खटल्याचा उल्लेख होतो. या सर्व प्रकरणांत न्यायालयापुढे जी वस्तू होती ती छापील होती. न्यायाधीश ती स्वतः वाचू शकत होते, पुन्हा वाचू शकत होते, मागची-पुढची पाने उलटून पाहू शकत होते.

विनोदकाराचे तसे नाही. त्याची कृती म्हणजे एका विशिष्ट रात्री, विशिष्ट लोकांसमोर, विशिष्ट सुरात उच्चारलेले शब्द. त्यात थांबणे असते, नक्कल असते, भुवई उंचावणे असते आणि श्रोत्यांचे हसणेही असते. हे सगळे न्यायालयात कसे आणायचे, हा प्रश्न अश्लीलतेच्या कायद्याने कधी नीट सोडवलेला नाही. त्यामुळे 'मर्यादा कोठे आखावी' या नेहमीच्या वादापूर्वी 'नेमके काय तपासले जात आहे' हे ठरवणे भाग आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील लेनी ब्रूस यांचा खटला केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे आणि त्या प्रकाशात आपल्या देशातील कायदा व परंपरा तपासली आहे.

लेनी ब्रूस यांचा खटला

लेनी ब्रूस (१९२५-१९६६) हे न्यूयॉर्क राज्यात जन्मलेले ज्यू विनोदकार. सासू-जावयाच्या ठरीव विनोदांऐवजी धर्मसंस्था, वर्णभेद, लैंगिक ढोंग आणि राजकारण हे विषय त्यांनी रात्रीच्या क्लबांत आणले. घराघरांत खासगीत वापरले जाणारे शब्द ते व्यासपीठावर तसेच वापरत. ऑक्टोबर १९६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका जॅझ क्लबात त्यांना अटक झाली. त्या खटल्यात मार्च १९६२ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. खटल्याचे न्यायाधीश क्लेटन हॉर्न यांनीच १९५७ साली अॅलन गिन्सबर्ग यांच्या 'हाउल' या काव्याच्या प्रकाशकाची अश्लीलतेच्या आरोपातून मुक्तता केली होती. त्यानंतर डिसेंबर १९६२ मध्ये शिकागोत अटक झाली. तेथे खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले, पण १९६४ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

निर्णायक ठरला तो न्यूयॉर्कचा खटला. एप्रिल १९६४ मध्ये ग्रीनिच व्हिलेजमधील 'कॅफे ओ गो गो' येथील प्रयोगांबद्दल ब्रूस यांना दोनदा अटक झाली आणि कॅफेचे मालक हॉवर्ड सॉलोमन यांनाही आरोपी करण्यात आले. तीन न्यायाधीशांपुढे खटला कित्येक महिने चालला. ४ नोव्हेंबर १९६४ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ब्रूस दोषी ठरले आणि डिसेंबरमध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. अपिलाचा निकाल लागण्यापूर्वीच, ३ ऑगस्ट १९६६ रोजी, मॉर्फिनच्या अतिसेवनाने त्यांचा मृत्यू झाला. २३ डिसेंबर २००३ रोजी राज्यपाल जॉर्ज पटाकी यांनी त्यांना मरणोत्तर माफी दिली. न्यूयॉर्क राज्याच्या इतिहासातील अशी ती पहिलीच माफी होती.

या खटल्यातील एक प्रसंग समीक्षकांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. सरकार पक्षाचा प्रमुख साक्षीदार हर्बर्ट रूह नावाचा परवाना खात्याचा निरीक्षक होता. तो प्रेक्षकांत बसून टिपणे घेत असे. न्यायालयात त्याने त्या टिपणांच्या आधारे ब्रूस यांचा कार्यक्रम सादर केला. टिपणांत साहजिकच आक्षेपार्ह शब्द अधिक होते आणि त्यांना जोडणारा धागा कमी होता. स्वर सरकारी, उच्चार कोरडा. ब्रूस यांची तक्रार अशी होती की, हा माणूस माझा कार्यक्रम वाईट पद्धतीने करतो आणि त्याच्या त्या कार्यक्रमाबद्दल शिक्षा मात्र मला होणार.

ही तक्रार केवळ चतुर उत्तर म्हणून सोडून देण्याजोगी नाही. तिच्यात विनोदाच्या स्वरूपाविषयी एक खरा सिद्धांत आहे. कवितेचा गद्य अन्वयार्थ म्हणजे कविता नव्हे, हे साहित्याचा प्रत्येक शिक्षक वर्गात सांगतो. विनोदाच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. शब्द तेच राहतात, पण ते कोणाच्या तोंडी घातले आहेत, कोणाची नक्कल चालली आहे, हसू नेमके कोणावर रोखले आहे हे टिपणात उतरत नाही. ढोंगी माणसाची नक्कल करताना विनोदकाराने उच्चारलेले वाक्य टिपणात त्याचे स्वतःचे मत होऊन बसते.

बचावाची दुसरी बाजू

ब्रूस यांच्या बाजूने साहित्यिक आणि विचारवंत मोठ्या संख्येने उभे राहिले. १९६४ साली निघालेल्या निवेदनावर गिन्सबर्ग यांच्यासह नॉर्मन मेलर, जेम्स बाल्डविन, समीक्षक लायोनेल ट्रिलिंग, धर्मचिंतक राइनहोल्ड नीबुर यांच्या सह्या होत्या. ब्रूस हे सामाजिक उपरोधाच्या थोर परंपरेतील आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो चुकीचा नव्हता. मात्र त्याची एक किंमत होती. विनोदकाराला वाचवायचे तर आधी त्याला उपदेशक ठरवावे लागले. त्याच्या प्रयोगात निव्वळ खट्याळपणाचा, निरर्थक गमतीचा जो भाग होता, त्याच्यासाठी या बचावात जागाच नव्हती.

ब्रूस यांच्या अखेरच्या दोन वर्षांत याचा परिणाम दिसतो. ते व्यासपीठावर खटल्याची कागदपत्रे घेऊन उभे राहू लागले. साक्षींच्या नोंदी वाचून दाखवत, कायद्याचा अर्थ समजावून सांगत. क्लबमालक त्यांना बोलावण्यास कचरत होते आणि जे श्रोते येत त्यांना हसण्यासारखे फार थोडे मिळे. शिक्षा कधी भोगावी लागली नाही, परंतु खटल्याने एका विनोदकाराचा वकील करून टाकला. अभिव्यक्तीच्या दडपणाची चर्चा करताना आपण तुरुंग आणि दंड मोजतो. प्रक्रियेनेच कला कशी खाऊन टाकली जाते, याची मोजणी सहसा होत नाही.

नको असलेल्या कानांचा प्रश्न

ब्रूस यांच्यानंतरच्या पिढीतील जॉर्ज कार्लिन यांच्या प्रकरणात कायद्याने वेगळी बाजू पुढे आणली आणि तिची दखल प्रामाणिकपणे घेतली पाहिजे. ३० ऑक्टोबर १९७३ रोजी दुपारी दोनच्या सुमारास न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय या नभोवाणी केंद्राने कार्लिन यांचा एक मुद्रित कार्यक्रम लावला. प्रसारणात कोणते शब्द चालत नाहीत, याचीच त्यात थट्टा होती. लहान मुलासह मोटारीतून जाणाऱ्या एका गृहस्थाने तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७८ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने प्रसारण आयोगाच्या बाजूने कौल दिला. नभोवाणी घरात शिरते, ती मुलांच्या कानांवर पडते आणि ऐकणाऱ्याने मध्येच केंद्र लावले तर आधी दिलेली सूचना त्याच्यापर्यंत पोचत नाही, ही त्यामागची कारणे. हे शब्द अश्लील आहेत असे न्यायालयाने म्हटले नाही. आयोगाने दंडही केला नव्हता, केंद्राच्या परवान्याच्या नोंदीत फक्त आदेश ठेवला होता.

या निकालावर टीका पुष्कळ झाली आहे. तरीही त्यातील एक भेद टिकणारा आहे. तिकीट काढून आलेला प्रौढ श्रोता आणि इच्छा नसताना ज्याच्या कानावर शब्द पडतो तो श्रोता, या दोघांचे हक्क सारखे नाहीत. पहिल्याला उठून जाण्याची मुभा असते. दुसऱ्याला ती अनेकदा नसते.

आपला कायदा : पुस्तकाचे कलम आणि तोंडी शब्दाचे कलम

१८६० च्या भारतीय दंड संहितेत पुस्तके, चित्रे इत्यादींसाठी कलम २९२ होते आणि सार्वजनिक जागी उच्चारलेले अश्लील शब्द किंवा गाणी यांसाठी कलम २९४. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यांची जागा अनुक्रमे कलम २९४ आणि कलम २९६ यांनी घेतली आहे. चर्चा नेहमी पहिल्या कलमाची होते. विनोदकाराचा संबंध मात्र मुख्यतः दुसऱ्याशी येतो.

दोन्हींत महत्त्वाचे फरक आहेत. पुस्तकाच्या कलमाला १९६९ च्या दुरुस्तीने विज्ञान, साहित्य, कला किंवा विद्या यांच्या हितासाठी असलेल्या मजकुराचा अपवाद जोडला गेला. तोंडी शब्दाच्या कलमात असा अपवाद नाही. उलट त्यात इतरांना उपद्रव झाला पाहिजे, अशी अट आहे. ही अट नीट वाचली तर ती विनोदकाराची मोठी ढाल ठरू शकते, कारण स्वखुशीने पैसे देऊन हसायला बसलेल्या सभागृहात उपद्रव कोणाला झाला, हे सिद्ध करावे लागते. पण तोच कार्यक्रम मुद्रित होऊन इंटरनेटवर गेला की माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ पुढे येते. व्यासपीठावरील शब्दाला कमाल तीन महिने, तर विद्युत माध्यमातून प्रसृत झालेल्या अश्लील मजकुराला पहिल्या दोषसिद्धीलाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड. माध्यम बदलले की तराजूच बदलतो.

कसोटीचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १८६८ च्या इंग्लंडमधील हिकलिन खटल्याची कसोटी अशी होती की, ज्यांचे मन अनिष्ट प्रभावांना बळी पडू शकते त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे काय. मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्यावरील खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने, न्या. हिदायतुल्ला यांच्या निकालपत्राद्वारे, हीच कसोटी काही फेरफारांसह मान्य केली. योगायोगाने ब्रूस यांच्या न्यूयॉर्कमधील शिक्षेचेही तेच वर्ष. पुढे २०१४ मध्ये अवीक सरकार प्रकरणात न्यायालयाने हिकलिनची कसोटी सोडून समकालीन समाजमानस आणि संपूर्ण कृतीचा परिणाम यांना महत्त्व दिले. मार्च २०२४ मध्ये 'कॉलेज रोमान्स' या मालिकेसंबंधीच्या अपूर्वा अरोरा प्रकरणात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. शिवीगाळ आणि अभद्र भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, अशा शब्दांचा वाच्यार्थ लैंगिक असला तरी बोलण्यात ते राग, निराशा किंवा उत्तेजना व्यक्त करतात, असे तेथे स्पष्ट झाले. भाषेच्या शिक्षकांना हे नवे नाही. शब्दाचा कोशातला अर्थ आणि वापरातला अर्थ यांतील फरक अखेर कायद्याने मान्य केला, एवढेच.

उर्दू-मराठी परंपरेचा दाखला

अश्लील विनोद ही पाश्चात्त्य क्लबांतून आलेली आयात आहे, हा समज परंपरेच्या अज्ञानातून निर्माण होतो. उत्तर भारतातील उर्दूच्या अगदी आरंभीच्या कवींत मीर जाफर जटल्ली यांचे नाव घ्यावे लागते. त्यांच्या रचनेत उघड अश्लीलता इतकी आहे की नंतरच्या अनेक इतिहासकारांनी त्यांना ओझरते उरकून पुढे जाणे पसंत केले. औरंगजेबाच्या काळात ती भाषा त्यांच्या जिवावर उठली नाही. परंपरा असे सांगते की, १७१३ मध्ये बादशहा फर्रुखसियरच्या राज्यारोहणाच्या नाण्यावरील मजकुराचे त्यांनी विडंबन केले, नाणे जणू गहू-वाटाण्यावर पाडले आहे असे सुचवले आणि त्यासाठी त्यांना देहदंड झाला. अश्लीलतेबद्दल कोणी विचारले नाही. सत्तेच्या चिन्हाची थट्टा मात्र खपली नाही. सौदांची हज्व असो की इन्शा-रंगीन यांची रेख्ती, उर्दू काव्यात फटकळपणाला आपली जागा होती.

मराठीत शिमग्याची बोंब, तमाशातील बतावणी आणि मावशी-सोंगाड्याची जुगलबंदी यांनी द्व्यर्थाला प्रतिष्ठा नव्हे, पण परवाना दिला होता. तो परवाना काळाचा, जागेचा आणि जमलेल्या मंडळींचा होता. शिमग्यातली शिवी पाडव्याला चालत नसे. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात तमाशावर काही काळ बंदी आली आणि मग सुधारणेच्या अटींवर तो पुन्हा सुरू झाला. महाराष्ट्रात रंगभूमीसाठी संहितेच्या पूर्वपरीक्षणाची पद्धत रूढ झाली. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला १९७२ साली तिच्याशी झगडावे लागले आणि कमलाकर सारंग यांनी उच्च न्यायालयातून प्रयोगाचा हक्क मिळवला. पण संहिता तपासण्याची कल्पनाच मुळी लेखी नाटकासाठी आहे. सोंगाड्याचे उत्स्फूर्त वाक्य कोणत्या प्रतीत तपासणार?

मंटोंचा दाखला येथे वेगळ्या कारणाने उपयोगी पडतो. 'ठंडा गोश्त'च्या खटल्यात फैज अहमद फैज यांनी साक्ष दिली. ही कथा अश्लील नाही, मात्र ती साहित्याच्या उच्च अपेक्षा पुऱ्या करत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा भाग मंटोंना झोंबला. तरीही फैज यांनी दोन प्रश्न वेगळे ठेवले, हे त्या साक्षीचे मोल आहे. कृती चांगली आहे की नाही हा समीक्षेचा प्रश्न, ती गुन्हा आहे की नाही हा कायद्याचा. सुमार विनोदही गुन्हा असत नाही. विनोदकाराचा बचाव करताना तो थोर कलावंत आहे, हे सिद्ध करण्याची गरज पडू नये.

तीन गोष्टींची सरमिसळ

अलीकडच्या प्रकरणांकडे पाहता अश्लील, अभद्र आणि अवमानकारक या तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या गेल्याचे दिसते. कामवासना चाळवणे, असभ्य बोलणे आणि श्रद्धेचा किंवा व्यक्तीचा उपमर्द करणे यांची कारणे, परिणाम आणि उपाय भिन्न आहेत.

वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेचा २०१५ चा निकाल याचे ठळक उदाहरण. गांधीजींसारख्या ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी किंवा नावाभोवती अशी भाषा आली तर समाजमानसाची कसोटी अधिक कठोरपणे लागू होईल, असे न्यायालयाने म्हटले. क्षमायाचना केलेल्या प्रकाशकाची मुक्तता झाली, कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगितले. येथे प्रश्न वासनेचा राहिला नाही, आदराचा झाला. आदराचे रक्षण हे अश्लीलतेच्या कलमाचे काम आहे काय, हा आक्षेप रास्त आहे.

१ जानेवारी २०२१ रोजी इंदूर येथे विनोदकार मुनव्वर फारुकी यांना झालेली अटक धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपाखाली होती. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जामीन नाकारल्यावर ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात गेला. आरोप सिद्ध होण्यापूर्वीच प्रक्रिया शिक्षेचे रूप घेते, हे ब्रूस यांच्या प्रकरणातील निरीक्षण येथेही लागू पडते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इंडियाज गॉट लेटंट' या कार्यक्रमातील आईवडिलांसंबंधीच्या प्रश्नावरून रणवीर अलाहाबादिया यांच्याविरुद्ध निरनिराळ्या राज्यांत गुन्हे दाखल झाले. सर्वोच्च न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिले, त्याच वेळी कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली आणि काही काळ त्यांना कार्यक्रम प्रसृत करण्यास मनाई केली. तो प्रश्न किळसवाणा होता, याविषयी फारसा मतभेद नाही. किळस आणि गुन्हा यांतील अंतर मोजण्याचे काम तेवढ्याने संपत नाही.

याच वर्षी ऑगस्टमध्ये दिव्यांग आणि दुर्धर आजारी व्यक्तींची थट्टा केल्याबद्दल काही विनोदकारांना जाहीर माफी मागण्याचा आदेश झाला. हे प्रकरण वरील साऱ्यांहून निराळे आहे. त्यात लैंगिक शब्द नव्हता, सत्तेची थट्टा नव्हती. ज्यांना व्यासपीठावरून उत्तर देता येत नाही अशांवर हसू रोखलेले होते. अभिव्यक्तीच्या समर्थकांनी या फरकाकडे डोळेझाक केली तर त्यांचा युक्तिवाद दुबळा होतो. बादशहाच्या नाण्यावर हसणे आणि आजारी बालकावर हसणे यांना एकाच तत्त्वाने सारखी प्रतिष्ठा मिळत नाही. कायद्याने दोन्हींना तुरुंगाबाहेर ठेवावे, पण समाजाने आणि समीक्षेने दोन्हींना एकच माप लावण्याचे कारण नाही.

समारोप

महाविद्यालयातील शिक्षकांपुढे हा प्रश्न पुस्तकी नाही. वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी प्राचार्यांची, शिक्षकांची, पुढाऱ्यांची नक्कल करतात. कोणीतरी अर्ध्या मिनिटाचे चित्रण भ्रमणध्वनीवर फिरवतो आणि दुसऱ्या दिवशी संस्थेकडे तक्रार येते. समितीने केवळ त्या अर्ध्या मिनिटावर निर्णय दिला तर ती हर्बर्ट रूह यांच्या टिपणावर निर्णय देत असते. त्याऐवजी काही साधे प्रश्न विचारता येतात. संपूर्ण प्रवेश पाहिला काय? वादग्रस्त वाक्य विद्यार्थ्याचे स्वतःचे होते की पात्राचे? श्रोते कोण होते आणि त्यांना उठून जाण्याची मुभा होती काय? तक्रार करणारा तेथे उपस्थित होता काय? हसू बलवानावर होते की दुर्बळावर? आणि जे घडले ते अश्लील होते, असभ्य होते की केवळ कोणाला झोंबणारे?

या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वेळी विनोद करणाऱ्याच्या बाजूने लागतील असे नाही. काही वेळा विद्यार्थ्याला बोलावून त्याच्या विनोदाने कोण दुखावले, हे समजावून सांगावे लागेल. काही वेळा तक्रारदारालाच संपूर्ण प्रवेश पाहण्याची विनंती करावी लागेल. मंटोंची कथा समग्र वाचल्याविना तिच्यावर मत देऊ नये, हे वर्गात शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्याच्या पाच मिनिटांच्या नकलेलाही तोच न्याय लावला, तर या चर्चेचा काही उपयोग झाला असे म्हणता येईल.